किरणोत्सर्गानंतर रक्ताच्या मूळ पेशी सावरतात का? आणि काउंट नॉर्मल आले म्हणजे सगळं पूर्ववत झालं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईंना ओटीपोटावर पाच आठवडे रेडिएशन दिलं, मधेच पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरल्या, आणि आता दोन महिन्यांनी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा (काउंटचा) रिपोर्ट जवळपास नॉर्मल आलाय. म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी पुरत्या सावरल्या का? जोडीला तुम्ही हेही विचारलंय, की अणुभट्टीतल्या अपघातासारखा सगळ्या शरीराला एकदम मोठा डोस बसला तर त्या पेशी पुन्हा कशा उभ्या राहतात.

रक्तविकार आणि मज्जा-प्रत्यारोपण (मज्जा म्हणजे हाडांच्या आतला, रक्त तयार करणारा मऊ भाग) याच कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. कारण रिपोर्टवरचा आकडा वर आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि नेमक्या त्याच वेळी काही गोष्टी सांगायच्या राहून जातात. मूळ पेशी सावरतात, बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतक्या चांगल्या सावरतात. पण सीबीसीतला आकडा आणि मूळ पेशींची तब्येत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीबीसीत दिसतं ते उभं पीक. कणगीत बियाणं किती उरलंय, ते त्यावरून कळत नाही.

रक्त कसं तयार होतं ते आधी पाहू. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी नव्याने तयार होतात, म्हणजे दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. एवढं उत्पादन मूळ पेशी स्वतः करत नाहीत. त्या बहुतांश वेळ झोपलेल्या असतात. उंदरांमधल्या सर्वांत गाढ झोपलेल्या मूळ पेशी साधारण पाच महिन्यांतून एकदाच विभागतात, आणि माणसातल्या त्याहूनही संथ असतात. खरा राबता मधल्या फळीचा असतो. मूळ पेशीपासून निघालेल्या, पण अजून पूर्ण वाढ न झालेल्या या पेशी भराभर विभागत राहतात आणि शेवटी त्यांच्यापासून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी), प्लेटलेट किंवा तांबडी पेशी तयार होते. मूळ पेशींची संख्या मात्र फारच थोडी. एका निरोगी पुरुषाच्या रक्तपेशींत साचलेल्या जनुकीय बदलांवरून २०१८ साली काढलेला अंदाज ५० हजार ते २ लाख असा होता. एवढ्याशा भांडवलावर आयुष्यभराचं रक्त चालतं.

किरणोत्सर्ग या सगळ्यांना सारखाच लागत नाही. लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत नाजूक. त्या विभागणी करत नसतानाही काही तासांत मरतात, म्हणून अपघातानंतर सर्वांत आधी त्याच घसरतात. मधली फळी सतत विभागत असते, तीही मोठ्या प्रमाणात कोसळते. रक्तात फिरत असलेल्या तयार पेशींना मात्र फारसं काही होत नाही. त्या आपलं आयुष्य जगतात आणि संपतात, फक्त त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. न्यूट्रोफिलचं रक्तातलं आयुष्य तासांत मोजायचं, प्लेटलेटचं आठ-दहा दिवसांचं, तांबड्या पेशीचं १२० दिवसांचं. काउंट कोणत्या क्रमाने पडणार ते यावरून ठरतं. किरणोत्सर्गानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत हिमोग्लोबिन बरंच खाली गेलं, तर मज्जा बंद पडली एवढंच कारण पुरत नाही. कुठेतरी रक्तस्राव होतोय का ते आम्ही शोधतो.

आता मूळ पेशींकडे येऊ. त्या किरणोत्सर्गाला किती संवेदनशील आहेत, हे मोजताना या पेशींच्या अस्तित्वाचा पहिला ठोस पुरावा मिळाला. १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी उंदरांना इतका डोस दिला की त्यांची स्वतःची मज्जा संपावी, आणि मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. दहा-अकरा दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी दिसल्या. टोचलेल्या साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. दोन वर्षांनी, किरणांमुळे गुणसूत्रांवर उमटलेल्या खुणा वापरून दाखवून दिलं गेलं की एक गाठ एकाच पेशीपासून तयार होते. एक पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि वेगवेगळ्या जातीच्या रक्तपेशीही तयार करते, हे पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

या गोष्टीला पुढे एक वळण मिळालं आणि तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. दहा दिवसांत प्लीहेवर गाठी करणाऱ्या पेशी बहुतेक खऱ्या मूळ पेशी नव्हत्याच, हे नंतर लक्षात आलं. त्या मधल्या फळीतल्या होत्या. लवकर फुलणाऱ्या आणि लवकर संपणाऱ्या. खरी मूळ पेशी ओळखायची तर महिनोन्‌महिने थांबावं लागतं: ती दुसऱ्या प्राण्यात रक्त पुरवत राहते का, तिथून काढून तिसऱ्यात टाकली तर तिथेही पुरवते का, हे पाहावं लागतं. जे लवकर दिसतं ते मुळाचं असेलच असं नाही, हा धडा या क्षेत्राने सुरुवातीलाच घेतला. रुग्णाच्या खाटेशेजारी आम्हाला तो पुन्हा पुन्हा आठवावा लागतो.

डोस आणि उरलेल्या पेशी यांचा हिशेब ढोबळ मानाने असा मांडता येतो. मज्जेतल्या या आदिम पेशींसाठी दर एक ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणांचं माप) डोसमागे सुमारे ३७ टक्के पेशी जिवंत राहतात असं धरा. समजा सुरुवातीला एक लाख मूळ पेशी आहेत. एक ग्रे नंतर ३७ हजार उरतील. दोन ग्रे नंतर साडेतेरा हजार. चार ग्रे नंतर १,८०० च्या आसपास, आणि सहा ग्रे नंतर जेमतेम २५०. प्रत्यक्ष शरीरात हे इतकं काटेकोर घडत नाही, पण आकड्यांचा उतार लक्षात घ्या. आणखी एक ग्रे म्हणजे उरलेल्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश गेल्या. तुलना हवी तर, आपल्याला निसर्गातून वर्षभरात मिळणारा डोस सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट असतो आणि छातीच्या एका एक्स-रेचा ०.१ मिलिसीव्हर्टच्या आसपास. रक्तनिर्मितीवर दिसण्याजोगा परिणाम व्हायला साधारण अर्धा ग्रे, म्हणजे ५०० मिलिग्रे (एक्स-रेसारख्या किरणांसाठी जवळपास तेवढेच मिलिसीव्हर्ट) एकदम बसावा लागतो. एक्स-रे काढला म्हणून मज्जा बसत नाही.

वरच्या हिशेबात तुम्हाला एक कोडं दिसलं असेल. चार ग्रे नंतरही १,८०० च्या आसपास मूळ पेशी उरत असतील, तर उपचारांशिवाय साडेतीन ते चार ग्रेलाच निम्मी माणसं दोन महिन्यांत का दगावतात? प्रत्यारोपणाचा अनुभव सांगतो की थोड्या मूळ पेशींपासून पूर्ण रक्त उभं राहू शकतं. याचं उत्तर वेळेत आहे. मूळ पेशीपासून पुरेसे न्यूट्रोफिल रक्तात यायला कित्येक आठवडे लागतात. तोवर रक्तातला साठा संपलेला असतो, मधली फळी कोसळलेली असते, आणि माणूस जंतुसंसर्गाने किंवा रक्तस्रावाने जातो. बियाणं शाबूत, पण नवं पीक हाती येईपर्यंत घर तग धरत नाही, अशी ही अवस्था. म्हणूनच नीट शुश्रूषेने, म्हणजे प्रतिजैविकं, प्लेटलेट, स्वच्छ खोली आणि वाढ-घटकांची (रक्तपेशींची वाढ घडवणाऱ्या प्रथिनांची) इंजेक्शनं वेळेवर मिळाल्याने, ही निम्म्याची सीमा सहा-सात ग्रेपर्यंत सरकते. त्या उपचारांनी मूळ पेशींची संख्या वाढत नाही. त्यांना लागणारे दिवस मिळतात.

या दिवसांमध्ये काउंट सरळ रेषेत पडत नाहीत. दोन-चार ग्रेच्या डोसनंतर न्यूट्रोफिल पहिल्या एक-दोन दिवसांत उलट वाढतात, मग घसरायला लागतात, आणि दहाव्या ते पंधराव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा थोडे वर येतात. घरच्यांना वाटतं, सुटलो. ही उभारी मधल्या फळीतल्या वाचलेल्या पेशींची असते. त्या जे काही तयार करू शकतात ते करून संपतात, आणि मग काउंट खरे तळाला जातात, साधारण पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी. त्यानंतरची चढ खऱ्या मूळ पेशींची, आणि ती टिकते. ही मधली उभारी फसवी असली तरी निरुपयोगी नाही. ती दिसली तर काही पेशी वाचल्या आहेत हे कळतं. पाच ग्रेच्या वर ती सहसा दिसतच नाही. त्यामुळे पंधराव्या दिवशी काउंट थोडे वर दिसले म्हणून रुग्णाला घरी सोडू नये, हे मी माझ्या प्रत्येक ज्युनिअर डॉक्टरला सांगत आलो आहे.

अपघातात डोस किती बसला हे बहुतेक वेळा कुणालाच नक्की माहीत नसतं. अशा वेळी लिंफोसाइट आमचा मीटर होतात. पहिले दोन दिवस दर काही तासांनी रक्त तपासून त्या किती वेगाने घसरतात ते पाहायचं. चोवीस तासांत निम्म्यावर आल्या तर प्रकरण गंभीर आहे. जोडीला लिंफोसाइटच्या गुणसूत्रांत दोन मध्यबिंदू असलेली विकृत गुणसूत्रं मोजून डोस काढता येतो, पण त्या तपासणीला दिवस लागतात.

पेशीच्या आत काय घडतं? किरणांनी डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकदम तुटल्या की पी-५३ नावाचं प्रथिन जागं होतं. त्याच्यापुढे ढोबळपणे दोन वाटा असतात. पी-२१ मार्फत पेशीची विभागणी थांबवून दुरुस्तीला वेळ द्यायचा, किंवा प्यूमा नावाच्या प्रथिनामार्फत पेशीला आत्मनाशाकडे पाठवायचं. प्यूमाचं जनुक काढून टाकलेले उंदीर एरवी मारक ठरणाऱ्या डोसमधूनही वाचतात, हे २०१० साली दिसलं. म्हणजे मूळ पेशींचा बराचसा संहार किरण थेट करत नाहीत, पेशी स्वतःच तो निर्णय घेते. शरीराच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे. बिघडलेली मूळ पेशी जिवंत ठेवणं म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांच्या रक्तात तो बिघाड वाटत राहणं.

दुरुस्तीचीही एक गंमत आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. तुटलेला डीएनए सांधायच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत शेजारची तंतोतंत प्रत समोर ठेवून, अक्षर अक्षर जुळवून दुरुस्ती होते. दुसरीत तुटलेली दोन टोकं नुसती जोडून टाकली जातात, त्यात मधली काही अक्षरं गळतात, कधी भलतीच टोकं एकत्र येतात. पहिली पद्धत वापरायला पेशी विभागणीच्या तयारीत असावी लागते, कारण तेव्हाच दुसरी प्रत हाताशी असते. झोपलेल्या मूळ पेशीकडे ती नसते, म्हणून ती दुसरी, घाईची पद्धत वापरते. उंदरांच्या मूळ पेशींवर २०१० साली हे स्पष्ट दाखवलं गेलं. झोप तिला मरणापासून वाचवते, आणि तीच झोप तिला चुकीच्या शिलाईसह पुढे नेते. मी पुढे दीर्घकालीन परिणामांबद्दल जे लिहिणार आहे त्याचं मूळ इथे आहे.

बियाणं वाचलं तरी जमीन लागतेच. मूळ पेशी मज्जेतल्या रुंद, पातळ भिंतींच्या केशवाहिन्यांना चिकटून राहतात. त्या वाहिन्यांच्या अस्तरातून आणि शेजारच्या आधारपेशींमधून त्यांना स्टेम सेल फॅक्टर, सीएक्ससीएल-१२ असे संदेश मिळत राहतात: इथेच राहा, जगा, झोपा, आता उठा. मोठ्या डोसनंतर या वाहिन्या फुगतात, गळायला लागतात, मज्जेत रक्त झिरपतं. वाहिन्या पूर्ववत होईपर्यंत वर कितीही मूळ पेशी ओता, त्या रुजत नाहीत. उंदरांमध्ये वाहिन्यांची वाढ घडवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाचा संदेश पकडणारा, पेशीवरचा दुसऱ्या क्रमांकाचा ग्राही अडवला, तेव्हा वाहिन्याही सावरल्या नाहीत आणि रक्तही सावरलं नाही. अस्तराच्या या पेशी नुसती जागा देऊन थांबत नाहीत, त्या प्लायोट्रॉफिन, ईजीएफ असे घटक सोडून मूळ पेशींना पुन्हा वाढीला लावतात.

आणि मज्जेतली चरबी? रेडिएशननंतर लाल मज्जेची जागा पिवळी चरबी घेते. ही चरबी रक्तनिर्मितीला अडथळा करते असं २००९ च्या प्रयोगांत दिसलं होतं. २०१७ साली मात्र लांब हाडांमधल्या याच चरबीपेशी स्टेम सेल फॅक्टर तयार करून सावरायला मदत करतात असं पुढे आलं. हाड कोणतं यावर उत्तर बदलतं. एमआरआयच्या रिपोर्टात मज्जेत चरबी वाढली आहे असं वाचून घाबरू नका, एवढं यातून घ्या.

आता तुमच्या आईंचं. इथे अपघातापेक्षा गणित खूप वेगळं आहे, आणि बरंचसं तुमच्या बाजूने आहे. ओटीपोटावरच्या उपचारात एकूण डोस ४५-५० ग्रेच्या घरात असतो. वर मी सहा ग्रेला २५० पेशी उरतात म्हटलं, तर पन्नास ग्रेमध्ये माणूस जगतो कसा? कारण हा डोस फक्त त्या भागाला मिळतो. प्रौढांमध्ये सक्रिय मज्जा मुख्यतः ओटीपोटाच्या हाडांत, कण्यात, बरगड्यांत, छातीच्या मधल्या हाडात आणि कवटीत असते. कणा आणि ओटीपोट मिळून निम्म्याहून जास्त. त्यामुळे ओटीपोटावर रेडिएशन घेताना काउंट पडणं स्वाभाविक आहे, त्यात बरोबर केमोथेरपी असेल तर जास्तच. पण बाकीची मज्जा शाबूत राहते, आणि ती कामाचा वेग वाढवून तूट भरून काढते. तुमच्या आईंचे आजचे नॉर्मल काउंट बव्हंशी तिथून येत आहेत.

थोडी मज्जा वाचली तरी केवढा फरक पडतो, हे फार जुनं निरीक्षण आहे. १९४९ साली शिकागोत लिऑन जेकबसन यांनी उंदरांना मारक डोस देताना त्यांची प्लीहा शिशाने झाकली. उंदरांच्या प्लीहेतही रक्त तयार होतं. ते उंदीर जगले. पुढे मज्जा टोचूनही तोच परिणाम मिळाला. प्लीहेतून एखादा द्रव पदार्थ पाझरतो की जिवंत पेशी जाऊन रुजतात, यावर काही वर्षं वाद चालला. १९५६ मध्ये दात्याच्या पेशी त्यांच्या गुणसूत्रांवरून ओळखता आल्या आणि पेशींच्या बाजूने निकाल लागला. मूळ पेशी अगदी थोड्या संख्येने का होईना, नेहमी रक्तातून फिरत असतात. झाकलेल्या भागातून निघून त्या रिकाम्या झालेल्या हाडांत जाऊन रुजू शकतात.

मग ओटीपोटातली मज्जा पुन्हा भरेल का? डोसवर अवलंबून. तिथल्या हाडांना मिळालेला डोस ३० ग्रेपेक्षा बराच कमी असेल, तर काही महिन्यांत ते दोन-एक वर्षांत लाल मज्जा परत येताना एमआरआयवर दिसू शकते. ३० ते ४० ग्रेच्या पुढे गेलं की त्या पट्ट्यातली मज्जा बहुधा कायमची चरबीची होते. पेशी येत राहतात, पण वाहिन्या बिघडल्यामुळे त्यांना रुजायला जागा मिळत नाही. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आईंच्या शरीरातला मज्जेचा एक हिस्सा आता कामातून गेला असण्याची शक्यता आहे आणि उरलेल्या हिश्श्याने काम अंगावर घेतलंय. रोजच्या आयुष्यात याचा काही त्रास जाणवू नये. मात्र पुढे मोठा जंतुसंसर्ग झाला किंवा पुन्हा केमोथेरपी द्यावी लागली, तर काउंट पूर्वीपेक्षा जास्त खाली जातील आणि वर यायला जास्त दिवस घेतील. राखीव साठा कमी झाल्याचा अर्थ हा.

इंजेक्शनांबद्दल. पांढऱ्या पेशी वाढवणारं फिलग्रास्टिम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०१५ मध्ये किरणोत्सर्गाने मज्जा बसलेल्या रुग्णांसाठी मान्य केलं. त्याच वर्षी पेगफिलग्रास्टिम, २०१८ मध्ये सारग्रामोस्टिम आणि जानेवारी २०२१ मध्ये प्लेटलेट वाढवणारं रोमिप्लोस्टिम मान्य झालं. माणसांवर मुद्दाम असे प्रयोग करता येत नाहीत, म्हणून ही मान्यता प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या आधारे दिली गेली. पूर्ण शरीराला दोन ग्रेच्या वर डोस बसल्याची शंका असेल तर फिलग्रास्टिम पहिल्या दिवसातच सुरू करावं असं आम्ही मानतो. ते मुख्यतः मधल्या फळीला कामाला लावतं. थ्रॉम्बोपोएटिनच्या (शरीरातल्या प्लेटलेट वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) वाटेने जाणाऱ्या, म्हणजे रोमिप्लोस्टिमसारख्या औषधांबद्दल मला जास्त आशा आहे, कारण थ्रॉम्बोपोएटिन मूळ पेशींमधली डीएनए दुरुस्तीही सुधारतं असं उंदरांमध्ये दिसलंय. दुसरीकडे, फिलग्रास्टिमच्या वर्गातलं औषध मूळ पेशींना झोपेतून उठवून दूरगामी नुकसान वाढवतं, असंही काही प्राणी-प्रयोगांत दिसलं आहे. न्यूट्रोफिल (रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे) ५०० च्या खाली गेलेल्या माणसाला या भीतीने औषध नाकारणं चूक ठरेल. पण नुसता रिपोर्ट छान दिसावा म्हणून ते मागूही नये.

आयोडीनच्या गोळ्यांविषयी बरेच जण विचारतात, म्हणून लगेच सांगतो: त्या फक्त थायरॉइडला किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवतात. मज्जेला त्यांचा काहीही उपयोग नाही.

"मग सरळ दुसऱ्याची मज्जा का घालत नाही?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. मज्जा-प्रत्यारोपणाचा इतिहास आणि किरणोत्सर्गाचे अपघात एकमेकांत गुंतलेले आहेत. ऑक्टोबर १९५८ मध्ये युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत सहा जणांना मोठा डोस बसला. त्यांना पॅरिसला नेण्यात आलं आणि जॉर्ज माते यांनी त्यांच्यापैकी पाच जणांना दात्यांची मज्जा दिली. एक जण दगावला, बाकीचे वाचले. दात्याची मज्जा मात्र त्यांच्यात काही काळच टिकली, पुढे त्यांची स्वतःची मज्जा परत आली. चेर्नोबिलमध्ये १९८६ साली १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्ग-विकार झाल्याचं निश्चित झालं, त्यातले २८ पहिल्या काही महिन्यांत गेले. १३ जणांना मज्जा-प्रत्यारोपण केलं होतं. तीन वर्षांनंतर त्यांतले दोघेच हयात होते. मृत्यूंमागे भाजलेली कातडी, फुप्फुसांचा दाह अशी कारणं होती, आणि दोघे तर दात्याच्या पेशींनी शरीरावर केलेल्या हल्ल्याने गेले. ज्यांच्यात रक्तनिर्मिती परतताना तपासता आली अशा नऊ जणांपैकी सहांमध्ये दात्याची मज्जा तात्पुरती, अर्धवट रुजली आणि मग स्वतःची परत आली.

या अनुभवाने आमची विचार करण्याची पद्धत बदलली. अपघातात डोस जवळजवळ नेहमी असमान बसतो. एखादा हात, पाठीचा एखादा भाग, यंत्राच्या आडोशाला राहिलेलं ओटीपोट, यातली थोडी मज्जा वाचलेली असते. दात्याची मज्जा घालायची तर रुग्णाची प्रतिकारशक्ती आणखी दाबावी लागते आणि त्यात ही वाचलेली मज्जाही दुखावते. म्हणून आता दोन-तीन आठवडे वाढ-घटक आणि शुश्रूषा यांवर थांबतात. एवढ्यानंतरही स्वतःच्या मज्जेची काहीच हालचाल नसेल, आणि आतडी, फुप्फुसं, कातडी यांचं नुकसान जगण्याजोगं असेल, तरच प्रत्यारोपण. असे रुग्ण फार थोडे निघतात. मज्जा पुरती संपवणाऱ्या डोसमध्ये बाकीचे अवयवही सहसा वाचत नाहीत. त्या दोन-तीन आठवड्यांत रक्त आणि प्लेटलेट द्याव्या लागतात, आणि त्या पिशव्यांनाही २५ ग्रे किरणं देऊन मगच चढवतात, म्हणजे दात्याच्या लिंफोसाइट रुग्णाच्या दुबळ्या शरीरात वाढून त्याच्यावर उलटत नाहीत.

आता त्या घाईच्या शिलाईची गोष्ट पुरी करतो. उंदरांना मारक नसलेला डोस दिला, तर दोन महिन्यांत त्यांचे काउंट नॉर्मल होतात. पण त्यांच्या मूळ पेशी काढून निरोगी मूळ पेशींशी शर्यत लावली तर त्या स्पष्टपणे मागे पडतात. त्यातल्या काही पेशी वृद्धावस्थेत गेलेल्या असतात: जिवंत, पण विभागणी विसरलेल्या. काहींचा कल लिंफोसाइट सोडून दुसऱ्या जातीच्या पेशींकडे झुकतो. माणसांतही लिंफोसाइट सर्वांत शेवटी सावरतात, महिनोन्‌महिने लागतात.

दुसरी गोष्ट निवडीची. ज्या मूळ पेशीत पी-५३ आधीच दुबळं आहे, तिला किरणांनंतर थांबा किंवा मरा हा हुकूम नीट पोहोचत नाही. शेजारच्या पेशी मागे हटतात तेव्हा ती पुढे सरकते. सौम्य डोसनंतरही अशा पेशी कित्येक महिने शेजाऱ्यांवर मात करत राहतात, हे उंदरांमध्ये दिसलं आहे. कर्करोगाचे उपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात टीपी-५३ (पी-५३ चं जनुक), पीपीएम-१-डी या जनुकांत बदल असलेली पेशींची कुळं जास्त आढळतात, त्यामागे हेच आहे. बहुतेकांना त्याने आयुष्यभर काही होत नाही. थोड्यांमध्ये पुढे मज्जेचा विकार किंवा ल्युकेमिया होतो. हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्यांमध्ये ल्युकेमिया बॉम्बनंतर दोन-तीन वर्षांत वाढू लागला आणि सहा-आठ वर्षांनी शिखरावर पोहोचला, मुलांमध्ये तुलनेने जास्त. उलटसुलट जोडलेली गुणसूत्रं त्या लोकांच्या लिंफोसाइटमध्ये कित्येक दशकांनंतरही सापडत होती.

हे वाचून आईंबद्दल धसका घेऊ नका. एका भागावरच्या रेडिएशननंतर असा दुय्यम रक्तविकार होणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, आणि त्या उपचाराने आत्ताचा कर्करोग आटोक्यात आणला हे त्याहून मोठं आहे. मी सांगतोय ते लक्ष कुठे ठेवायचं यासाठी.

पहिलं वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, पुढे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षातून एक-दोनदा, असं मी सहसा सांगतो. एखादा आकडा सीमारेषेच्या खाली दिसला म्हणून लगेच धावपळ नको, पण दोन-तीन रिपोर्ट ओळीने ठेवून पाहा. काउंट चांगले स्थिरावल्यावर काही वर्षांनी पुन्हा हळूहळू घसरायला लागले, किंवा तांबड्या पेशींचा आकार वाढत चालला आणि बी-१२ ची कमतरता वगैरे साधं कारण सापडेना, तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. आत्ता काउंट वर येत असताना मज्जेची सुई टोचून तपासणी करायची गरज नाही. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, रात्रीच रुग्णालयात न्या.

काउंट वाढवणाऱ्या पावडरी आणि अर्कांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. मूळ पेशी वाढवतं असं सिद्ध झालेलं त्यातलं एकही मला माहीत नाही. बी-१२, फॉलिक अॅसिड किंवा लोह खरोखर कमी असेल तर ते द्यावंच, कारण पेशी तयार व्हायला कच्चा माल लागतो.

आणि रेडिएशनच्या विभागाकडून डोसचा सारांश मागून घ्या: कोणत्या भागाला एकूण किती ग्रे, किती दिवसांत, सोबत कोणती केमोथेरपी. तो कागद आईंच्या फाइलमध्ये सर्वांत वर ठेवा. दहा वर्षांनी एखाद्या नव्या डॉक्टरांना आईंसाठी औषधाचा डोस ठरवायचा असेल, तेव्हा मज्जेचा कोणता हिस्सा शिल्लक आहे हे त्यांना त्याच कागदावरून कळेल.